स्विफ्टमध्ये कुठलं इंजिन बसवावं? (२००८ ची १.३ पेट्रोल, सातारा)

घाटवेडा_सातारा

नमस्कार मंडळी,

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, २००८, १.३ पेट्रोल, एमएच-११ पासिंग. १ लाख ९२ हजार किलोमीटर झालेत. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला मागून निळा धूर येतो. गेल्या रविवारी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासलं, आकडे पीएसआयमध्ये : १७५, १७०, १३८, १७२. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर १३८ चे १६५ झाले. म्हणजे व्हॉल्व्ह बरे आहेत, रिंगा गेल्यात.

ही गाडी मी सात वर्षं हळूहळू तयार करत आणलीय. शॉकअप, स्प्रिंगा, पुढचे ब्रेक, बकेट सीट, १८५/७० आर१४ चे टायर, सगळं झालं. वर्षातून दोन-तीन ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानातल्या, घड्याळाविरुद्धच्या शर्यती) करतो, एरवी केळघर किंवा कासच्या बाजूला चक्कर. चेसिस आता इंजिनाच्या पुढे गेलीय, वळणातून बाहेर पडताना वाटतं अजून थोडं असायला हवं होतं. इंजिन उतरवायचंच आहे, तर तेच परत कशाला बसवायचं?

डोक्यात एसएक्स-फोरचं १.६ आहे. जुन्या बलेनोचं १.६ सुद्धा एकाकडे आहे, त्यापेक्षा स्वस्त. एक मित्र होंडा सिटी व्हीटेकच्या मागे लागलाय. बजेट सगळं मिळून दीड लाख. एसएक्स-फोरच्या इंजिनाला ५ हजार ॲडव्हान्स देऊन ठेवलाय, पण अजून उचललं नाही. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सांगा.

कृष्णाकाठ

१.६ टाक आणि मोकळा हो भावा. नाद खुळा होतंय.

पाना_बारा

घाटवेडा, आधी एक गोष्ट मनापासून आवडली. तू कॉम्प्रेशन घेतलंस, तेही कोरडं आणि ओलं दोन्ही. आमच्या कराडच्या गॅरेजात "पिकअप नाही, इंजिन बदला" म्हणत येणाऱ्या दहापैकी आठ जणांनी प्लगसुद्धा काढून बघितलेला नसतो.

आता बलेनो. ते जी१६बी इंजिन तुझ्या गाडीतल्या जी१३बीबी इंजिनाचं मोठं भावंड. तुझं ७४ बाय ७५.५ मिलिमीटर, १२९८ सीसी. बलेनोचं ७५ बाय ९०, १५९० सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) एकच मिलिमीटर वाढला, बाकी सगळी वाढ स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या धावेत). त्यामुळे ब्लॉक उंच आहे. खालून ओढतं छान, पण तुझ्यासारखा माणूस ते ६५०० आरपीएमला नेणार. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर होतो, तुझ्या आत्ताच्या इंजिनात तो साडेसोळाच्या आत आहे. आणि ती बलेनो २००७ लाच बंद झाली, म्हणजे मिळेल ते इंजिन तुझ्याइतकंच थकलेलं. थकलेलं काढून थकलेलं बसवायला मी तरी हात लावणार नाही.

एसएक्स-फोरचं एम१६ए ७८ बाय ८३, १५८६ सीसी, दोन कॅम, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. तुझी ८७ अश्वशक्ती आणि ११३ न्यूटन मीटर, त्याची १०२ आणि १४५. अश्वशक्तीकडे बघू नकोस, टॉर्क बघ : पावपटीहून जास्त वाढ आहे आणि ऑटोक्रॉसला दुसऱ्या गिअरमध्ये तीच लागते. शिवाय आपल्याकडे या स्विफ्टला जी१३ दिलं असलं तरी परदेशात ह्याच बॉडीत एम१३ आणि एम१५ यायची, स्विफ्ट स्पोर्टमध्ये तर एम१६एच होतं. बॉडीला ते घराणं परकं नाही, माउंटिंगसाठी कापाकापी करावी लागत नाही.

म्हणजे इंजिन म्हणून निवड बरोबर आहे. अडचणी दुसरीकडे आहेत, रात्री लिहितो, आत्ता गिऱ्हाईक उभं आहे.

हळदबाजार

स्विफ्ट स्पोर्टची १२५ अश्वशक्ती होती ना? मग तेच इंजिन म्हणजे १२५ मिळणार का?

पाना_बारा

नाही. नाव तेच, आतला माल वेगळा. स्पोर्टचं कॉम्प्रेशन ११.१ होतं, कॅम वेगळे होते आणि ती १२५ अश्वशक्ती ६८०० ला मिळायची. एसएक्स-फोरचं इंजिन कुटुंबाच्या सेडानसाठी ट्यून केलेलं. १०२ धरून चाल.

व्हीटेक_विश्रामबाग

मीच तो होंडावाला मित्र :) सिटीचं दीड लिटर व्हीटेक १०६ अश्वशक्तीचं होतं, २००० सालात! सांगलीत त्या गाड्या अजून निगुतीने ठेवलेल्या आहेत. वर गेल्यावर जो आवाज येतो तो सुझुकीत कुठून आणणार?

पाना_बारा

आवाजाबद्दल वादच नाही, ते इंजिन मलाही आवडतं. पण त्या काळातली होंडाची डी मालिका उलटी फिरते. बाकी बहुतेक कंपन्यांचा क्रँक ज्या बाजूला फिरतो त्याच्या विरुद्ध. सुझुकीचा गिअरबॉक्स त्याला जोडला तर पाच गिअर मागे जायचे आणि एक पुढे. म्हणून गिअरबॉक्स होंडाचाच लागतो, तो बसतो दुसऱ्या बाजूला, मग माउंटिंग नवी, शाफ्ट नवे करून घ्यायचे, गिअरची केबल नवी. दीड लाखात निम्मी गाडीसुद्धा होत नाही.

व्हीटेक_विश्रामबाग

हे उलटं फिरण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. दहा वर्षं चालवतोय. माघार.

विमावाली_मिरज

सगळे नट-बोल्टवर बोलताय, कागदावर कोणीच नाही, म्हणून लिहिते. विमा क्षेत्रात १४ वर्षं काम करते, अपघाताचे दावे रोज बघते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तुमच्या आरसीवर १२९८ सीसी लिहिलंय. १५८६ चं इंजिन त्यात बसलं की आरसी आणि गाडी जुळत नाही. त्याच जातीचं दुसरं १.३ टाकलंत तर आरटीओला कळवून नवा इंजिन नंबर चढवून घेता येतो. १.६ साठी तो रस्ता नाही.

दंड हा लहान भाग आहे. अपघात झाला, सर्व्हेअरने इंजिन नंबर ताडून बघितला, तर तुमच्या गाडीचा दावा तिथेच थांबतो. समोरच्या माणसाला नुकसानभरपाई द्यावी लागली तर कंपनी ती भरून तुमच्याकडून वसूल करायला जाऊ शकते. घाटवेडा, तुम्ही घाटात चालवता म्हणून जास्त काळजीने लिहितेय.

कृष्णाकाठ

ताई, बोनेट उघडून सीसी मोजतंय कोण? नाक्यावर पीयूसी आणि लायसन बघतात.

विमावाली_मिरज

नाक्यावर नाही बघत. २००८ ची गाडी, १५ वर्षांनी २०२३ ला नोंदणीचं नूतनीकरण झालं असेल. ते पाच वर्षांचं. २०२८ ला गाडी पुन्हा आरटीओच्या मैदानात उभी राहणार, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघणार. तेव्हा काय सांगायचं ते आत्ताच ठरवा.

घाटवेडा_सातारा

ताई, नूतनीकरण २०२३ लाच झालंय, अगदी बरोबर. एवढा विचार मी केला नव्हता. मनातल्या मनात "सगळेच करतात" म्हणून बाजूला सारलं होतं.

यवतेश्वरकर

मी कास रस्त्यावरच राहतो, इंजिनातलं काही कळत नाही. पण धागा वाचून राहवलं नाही. सप्टेंबरात फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग यवतेश्वरच्या वळणांपर्यंत लागते, पोरं रस्त्यावर कणसं घेऊन उभी असतात, आणि पहाटे पाच वाजता कोणीतरी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत वर जातं. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक म्हैस गेली, गाडीवाला थांबलासुद्धा नाही. तुम्ही कोणतंही इंजिन बसवा. आमच्या रस्त्यावर आलात तर आमची पोरं रस्त्यावर असतात एवढं लक्षात ठेवा.

घाटवेडा_सातारा

काका, म्हशीचं ऐकून वाईट वाटलं. तो मी नव्हतो, पण पहाटेच्या त्या फेऱ्या मीही मारल्यात. आता कासला जाईन तो तुमच्याकडचं कणीस खायला. जोरात चालवायचं ते बांधलेल्या ट्रॅकवर.

पाना_बारा

रात्री लिहितो म्हणालो होतो, त्या अडचणी आत्ता लिहितो.

घ्यायचंच असेल तर नुसतं इंजिन घेऊ नकोस. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) आणि त्याची मूळ चावी, इंजिनचं पूर्ण वायरिंग, पेडल, गिअरबॉक्स, शाफ्ट, सेन्सर, सगळं एकाच गाडीतलं हवं. इमोबिलायझर चावीशी जोडलेला असतो, दुसऱ्या गाडीचा आणलास तर इंजिन पेट घेऊन बंद पडतं आणि तू आठवडाभर पेट्रोल पंप बदलत बसतोस. "इंजिन ३५ हजार" ऐकून लोक खूश होतात, आणि उरलेले लाखभर रुपये मग वायरीतून जातात.

गिअरबॉक्सबद्दल एक चांगली बातमी. एसएक्स-फोरच्या वरच्या मॉडेलला २०५/६० आर१६ टायर होते, बाहेरचा व्यास साधारण ६५२ मिलिमीटर. तुझे १८५/७० आर१४, साधारण ६१५. तोच गिअरबॉक्स तुझ्या टायरवर फिरला की प्रत्येक गिअर आपोआप सहा टक्के आखूड होतो. पुण्याला हायवेने जाताना इंजिन जरा जास्त फिरेल, पण ऑटोक्रॉसला फुकटात मिळालेला फायदा आहे.

आणि ब्रेक, रेडिएटर, क्लच हे इंजिनाच्याच खर्चात धरायचे, वेगळे नाही.

हळदबाजार

वाचतोय. असे धागे आठवड्याला एक तरी यावेत.

ट्रेलरवाला_कुपवाड

हेच काम मी केलंय, म्हणून सविस्तर. गाडी २००६ ची स्विफ्ट, इंजिन एसएक्स-फोरचं. आता ती रस्त्यावर येत नाही, स्पर्धेला ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवर परत येते.

पहिलं इंजिन मी स्वस्तात घेतलं, २०१९ च्या दिवाळीनंतर. त्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं हे इथल्या कुणाला सांगायला नको. पाण्यात बुडालेल्या किती गाड्यांची इंजिनं त्या वर्षी बाजारात आली असतील! विकणाऱ्याने वरून डिझेलने धुऊन चकाचक केलं होतं. आम्ही बसवलं, सुरू झालं, बरं वाटलं. दोन महिन्यांत चौथ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. चालू गाडीने पाणी ओढलं की पाणी दाबलं जात नाही, रॉड किंचित वाकतो, आणि वाकलेला रॉड पुढे कधीतरी तुटतोच.

तेव्हापासून इंजिन घेताना मी हे करतो : चारही प्लग काढायचे, लांब सरळ सळई प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवायची, क्रँक हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आला की सळईवर खूण करायची. चारही खुणा एका पातळीत हव्यात. एखादा पिस्टन अर्धा मिलिमीटर जरी खाली राहिला तरी तो रॉड वाकलेला. मग इंजिन कितीही चमकू दे, तिथून उठायचं. ऑइलचं झाकण उघडून आत दुधासारखा साका आहे का तेही बघायचं, आणि अल्टरनेटरच्या आत चिखल वाळलेला असतो, तो धुवायला विकणारा विसरतो.

दुसरं इंजिन चांगलं लागलं. गाडी किती बदलली? वळणातून बाहेर येताना जिथे मी आधी पहिला गिअर शोधायचो तिथे आता दुसऱ्यात ओढते. फार आनंद आहे. एकूण खर्च २ लाख ४० हजार, पहिलं इंजिन सोडून.

पण घाटवेडा, एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून मी सांगतो. स्पर्धेत वर्गवारी सीसीवर होते. १.३ घेऊन तू ज्यांच्याबरोबर धावतोस, १.६ बसवलंस की त्यांच्याबरोबर धावत नाहीस. वरच्या गटात जातोस आणि तिथले लोक मुळातच १.६ वर वर्षानुवर्षं काम केलेले असतात. मी १.३ मध्ये तिसरा-चौथा यायचो. १.६ ला गेल्यावर पहिले दोन सीझन शेवटून दुसरा.

टर्बो_पाचगणी

मग टर्बो का नको? जुन्या नव्हे, नंतरच्या बलेनो आरएसचं एक लिटर बूस्टरजेट, १०१ अश्वशक्ती, १५० न्यूटन मीटर, सीसी फक्त ९९८. आणि आमच्याकडे ते जास्त शोभतं. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८६ टक्क्यांच्या आसपासच उरतो. साधं इंजिन पसरणी घाट चढून येईपर्यंत सात-आठातला एक घोडा खाली सोडून येतं. टर्बो ती हवा भरून काढतो.

ट्रेलरवाला_कुपवाड

उंचीचं एकदम बरोबर, महाबळेश्वरला माझी १.६ सुद्धा जड वाटते. पण सीसीचा फायदा मिळत नाही. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या नियमात पेट्रोल टर्बोची सीसी १.७ ने गुणतात. ९९८ चे जवळपास १६९७ होतात, म्हणजे १.६ च्याही वर. शिवाय ते डायरेक्ट इंजेक्शन, हाय प्रेशर पंप, सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलणारे. २००८ च्या गाडीत त्यांना बोलायला कोणी नाही.

टर्बो_पाचगणी

१.७ चा गुणाकार लक्षात नव्हता. धन्यवाद दादा.

सौरसातारा

अवांतर होईल, पण कलम ५२ मध्येच बॅटरी, सीएनजी, एलपीजीसाठी इंजिनात बदल करायला परवानगी आहे, मंजूर किट असेल तर. इलेक्ट्रिक करा, टॉर्क पहिल्या क्षणापासून.

कृष्णाकाठ

मग त्या आवाजाचं काय भावा! चार्जर लावून ऑटोक्रॉस बघायला मी नाय येणार.

सौरसातारा

टायरचा आवाज येतो की. तोच खरा आवाज.

हळदबाजार

ऑटोक्रॉस बघायला येणाऱ्यांनी सांगलीचं भडंग आणावं, सातारकरांनी कंदी पेढे. बाकीचं नंतर ठरवू.

पाना_बारा

अवांतर थांबवून मुद्द्यावर येतो. ट्रेलरवाल्यांचं वर्गवारीचं वाचून रात्री विचार केला. घाटवेडा, तुझी गाडी रस्त्यावरही हवी आणि स्पर्धेतही. मग तुझ्याच ब्लॉकचं नीट काम का करत नाहीस? जी१३ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर आणि होनिंग करून घे, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत. ७४.५ चा बोअर म्हणजे १३१६ सीसी, गट तोच. आणि ओव्हरसाइज हा कंपनीच्याच मॅन्युअलमधला दुरुस्तीचा भाग आहे, इंजिन नंबर जिथे कोरलाय तो ब्लॉक तुझाच राहतो.

हेड उतरवलंसच तर पोर्ट साफ करून गॅसकेटशी जुळवून घे, व्हॉल्व्ह सीट नव्याने कापून घे, चारही पिस्टन आणि रॉड वजनाला एकसारखे करून घे. घोडे फार वाढणार नाहीत. पण तू आत्ता ८७ वर चालवतच नाहीयेस. तिसरा सिलिंडर १३८ वर असताना तू साडेतीन सिलिंडरवर चालवतोयस! "अजून थोडं हवं" वाटतं त्यातलं बरंचसं तिथेच सांडतंय.

ट्रेलरवाला_कुपवाड

हे वाक्य मला कोणी २०१९ ला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी माझं जी१३ कॉम्प्रेशन न मोजताच भंगारात दिलं.

घाटवेडा_सातारा

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमचं सगळं वहीत उतरवून बायकोबरोबर बसलो होतो. तिने एकच विचारलं, "२०२८ नंतर पण ही गाडी आपल्याकडे असणार आहे ना?" असणार आहे.

ठरवलं : ब्लॉक तोच. ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप, हेडचं काम, क्लच. पाना_बारा दादांच्या गॅरेजात गाडी सोमवारी येईल, बोअरिंग कोल्हापूरला. उरलेल्या पैशात चांगले टायर.

एसएक्स-फोरच्या इंजिनाचे ५ हजार बुडाले असं समजून फोन केला, तर माणूस म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आणून द्या, परत करतो. ट्रेलरवाला दादा, तुम्हाला स्पेअर हवं असेल तर रविवारी सांगलीत भेटू. सळई मी आणतो.

ट्रेलरवाला_कुपवाड

हवंय. रविवारी सकाळी नऊला विश्रामबाग चौकात ये, नाश्ता माझ्याकडे. चारही खुणा जुळल्या तर तुझे पैसे जागेवर.

घाटवेडा_सातारा

पाच आठवड्यांनी धागा वर आणतोय. सांगलीच्या त्या इंजिनाचा दुसरा पिस्टन खाली होता, पाऊण मिलिमीटर. आम्ही काही न बोलता उठलो. भंगारवाल्याने सळई बघितली, खुणा बघितल्या आणि खिशातून ५ हजार काढून दिले.

माझं इंजिन तयार झालं. नवे आकडे : १९२, १९४, १९२, १९३. आत्ता रनिंग-इन (नव्या इंजिनाला सुरुवातीला जपून चालवणं) चालू आहे, ३ हजारांच्या वर नेत नाही, एकसारख्या वेगात फार वेळ चालवत नाही. काल यवतेश्वर घाट दुपारी दोन वाजता, रिकामा रस्ता, दुसऱ्या-तिसऱ्यात सावकाश चढलो. आधी जिथे गिअर उतरवावा लागायचा त्या वळणाला उतरवावा लागला नाही. वर काकांकडे कणीस खाल्लं.

पाना_बारा दादा, पहिलं ऑइल ५०० ला बदलू की १००० ला?

पाना_बारा

५०० ला. फिल्टरसकट. आणि जुना फिल्टर टाकू नकोस, कापून आत चुरा किती आहे ते मला दाखव.